ड्रम, घोटा आणि ताकद

लोट्याच्या एमआयडीसीत २०० लिटरचा भरलेला ड्रम हाताने हलवण्याची रीत नीट पाहिली, की ताकदीबद्दलचे आपले निम्मे समज गळून पडतात. आतला माल पाण्याइतकाच जड धरला तरी डब्यासकट वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. ते कुणी उचलत नाही. कामगार ड्रमचा पलीकडचा काठ धरतो, एक पाय बुडाशी रोवतो आणि दंडाने न ओढता अंगच मागे सोडतो. ड्रम कलतो, आणि एका ठरावीक कोनावर हाताला त्याचं वजन जाणवेनासं होतं. मग हातावर हात टाकत तो काठावर गरगरत न्यायचा. कोन चुकून ड्रम अंगावर आला, तर आवरायला जायचं नसतं. सोडून बाजूला व्हायचं असतं. ताकद म्हणजे समोरच्या वजनाचा तोल कुठे सुटतो ते ओळखणं, हे माझं म्हणणं. आणि अशी ताकद गुणफलकावर फारशी दिसत नाही.

लोटे ज्या खेड-चिपळूण पट्ट्यात येतं, तिथल्या लोकांना हे कबड्डीवरून पटावं. अमेरिकन फुटबॉलमधला १४० किलोचा लाइनमन जसा अख्खी कारकीर्द दुसऱ्यासाठी वाट अडवण्यात किंवा मोकळी करण्यात घालवतो, तसा आपल्याकडे कोपरारक्षक. पुरुषांच्या मैदानात बोनस रेषेच्या मागे जेमतेम पावणेदोन मीटर जागा उरते. तेवढ्यात त्याचा संसार. चढाईपटू बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवतो, तेव्हा नियमाप्रमाणे दुसरा हवेत हवा. म्हणजे क्षणभर सगळं शरीर एका घोट्यावर उभं! कोपऱ्याची झेप त्या घोट्यावर पडते. अर्धा क्षण आधी गेली तर तो पाय काढून घेतो, उशीर झाला तर बोनस पदरात पाडून निघूनही जातो. कलत्या ड्रमचा कोन तो हाच.

यावर कुणी म्हणेल, ताकद म्हणजे शेवटी वजनच, नाहीतर वरिष्ठ पुरुषांना ८५ किलोची मर्यादा कशाला घातली असती? वजनाला किंमत आहेच, म्हणून तर ते बांधून टाकलं. पण सगळेच ८५च्या आत आल्यावर पकडीतला फरक किलोंनी समजावता येत नाही. ज्याने घोटा धरला तो बहुधा पोटावर आडवा असतो, त्याच्या वजनाचा तसा उपयोगच संपलेला असतो. तो फक्त समोरच्याची पुढची उडी काढून घेतो, बाकीचं साखळीतले गडी पाहतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चढाईपटू सात जणांत एकटा घुसतो, तर कौतुक त्याचंच व्हावं. धोका मान्य. पण हिशेबही पाहा. चढाईपटू एका फेरीत तीन-चार गडी टिपून तितके गुण नेऊ शकतो, पकडीला मात्र एकच. पकड फसली तर हात लावलेले सगळे बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण देऊन नियमांनीच ही तूट थोडी कबूल केली आहे. २०२४च्या प्रो कबड्डीत पाटणा पायरेट्सचं कर्णधारपद उजव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शुभम शिंदेकडे होतं. संघ २९ डिसेंबरला बालेवाडीत अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हरयाणाकडून ३२-२३ हरला. त्या मोसमातलं लोकांच्या तोंडी असलेलं नाव मात्र त्याच संघाच्या देवांक दलालचं, चढाईच्या ३०१ गुणांमुळे. ते गुण खरेच आहेत, कमी लेखायचं कारण नाही. पण देवांक बाद होऊन बाकावर बसला असेल, तेव्हा त्याला आत आणायला कुणीतरी समोरच्याचा गडी बाद करावाच लागतो, आणि त्यातला बराच भार पकडीवर असतो. तो गुण एकटा, पकडणाऱ्याच्या नावावर.