आधणाचे शास्त्र आणि बालाघाटची चूल

अन्न शिजविण्याच्या ज्या रीती मनुष्याने शोधून काढल्या, त्यांत पाण्यात शिजविणे ही सर्वांत गरीब आणि म्हणूनच सर्वांत कमी कौतुक वाट्याला आलेली रीत होय. तळलेल्या जिनसेला तेलाची ऐट असते, भाजलेल्या हुरड्याला आगटीचा सुगंध असतो. उकळलेल्या पदार्थाला मात्र आजाऱ्याचे किंवा अडलेल्याचे अन्न म्हणून बाजूला सारण्याचा शिरस्ता पडून गेला आहे. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा शिरस्ता सर्वस्वी अन्यायाचा आहे. कारण जेथे पाऊस बेभरवशाचा, तेल विकतचे आणि सरपण पायपीट करून आणलेले, त्या बालाघाटाच्या पठारावर ज्या बायकांनी निजामी अंमलात आणि त्यानंतरही संसार चालविले, त्यांनी पाणी, दाणा आणि जाळ या तिहींचा ताळेबंद याच रीतीत बसविला, आणि तो इतका चोख बसविला की त्यात दुरुस्ती सुचवायला पदार्थविज्ञानाला फारशी जागा उरलेली नाही.

उकळत्या पाण्याचा पहिला गुण असा की त्याच्या तापण्याला सीमा आहे. तवा तापत तापत भाकरी करपेपर्यंत जातो. पाणी मात्र समुद्रसपाटीवर १०० अंश सेल्सिअसला पोचले की तेथेच थबकते, आणि उंची साधारणतः ३०० मीटरांनी वाढली की ही सीमा एका अंशाने खाली येते. बीड शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर वसले असल्याने तेथील आधण ९८ अंशांच्या थोडे वर उकळते. आता धान्यातील पिष्टाचे कण ६० ते ८० अंशांच्या दरम्यानच पाणी पिऊन फुगतात, अंड्यातील प्रथिनेही त्याच सुमारास घट्ट होतात. डाळीच्या पेशी एकमेकींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळायला तेवढी उकळीच्या आसपासची उष्णता आणि भरपूर अवधी, अशी दोन्हींची तरतूद करावी लागते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफ करून उडवून द्यायला खर्ची पडते. म्हणजे खळखळा उकळणारे आधण आणि झाकणाखाली संथ बुडबुडणारे आधण यांच्या उष्णतामानात काडीचाही भेद नसतो. भेद असतो तो सरपणाच्या भाऱ्यात.

हे गणित जुन्या चुलीच्या बांधणीतच लिहून ठेवलेले होते. मुख्य तोंडावर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा भडका लावून डाळीला उकळी फोडायची, आणि ती फुटली की भांडे शेजारच्या वैलावर सारून, चुलीतून जाता जाता मिळणाऱ्या उष्णतेवर ते झाकून ठेवायचे, आणि मोकळ्या झालेल्या जाळावर तवा चढवून भाकऱ्या थापायला घ्यायच्या. भाकऱ्यांची चवड उतरेपर्यंत वरण आपोआप मऊ झालेले असे. तुराटी भरकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, त्यामुळे तिच्यावर तासभर डाळ शिजविणे हा निव्वळ अपव्यय; वैलाने तो वाचविला. गॅसची शेगडी आली आणि ही काटकसर नाहीशी झाली, हे आमच्या मते प्रगतीच्या जमाखर्चात नावे मांडण्याजोगे कलम आहे.

मात्र मंद आच हा सरसकट कायदा समजू नये. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरे घालून वळलेली शेंगोळी फोडणीच्या पाण्यात सोडायची ती पाणी खळखळत असतानाच. कारण वरवरचे पिष्ट तत्क्षणी शिजून त्याचा पापुद्रा धरला तरच आतले पीठ जागेवर राहते. कोमट पाण्यात सोडलेल्या शेंगोळ्यांचे माडगे होते. माडगेही चांगलेच लागते, पण ते ठरवून केलेले असावे! उलट लग्नकार्यात पंगतीला वाढल्या जाणाऱ्या येसर आमटीचा न्याय निराळा. भाजून दळलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे ते येसर थेट उकळत्या पाण्यात लोटले, तर तोच पापुद्रा प्रत्येक गोळ्याभोवती धरतो आणि आत कोरडे पीठ कोंडून गुठळ्या होतात. म्हणून ते आधी थंड पाण्यात कालवून मग धारेने आधणात सोडतात. सृष्टीचा नियम एकच, पण एका पातेल्यात तो इष्ट आणि दुसऱ्यात अनिष्ट.

पाण्यात शिजविण्यावरचा मोठा आक्षेप असा की दाण्यातील सत्त्व पाण्यात उतरते आणि पाणी ओतले की तेही वाहून जाते; ब गटातील जीवनसत्त्वांच्या बाबतीत तो खराच आहे. परंतु ज्या घरात आडाचे पाणी शेंदून आणलेले असते तेथे शिजवणाचे पाणी ओतण्याची चैन कोण करणार? पुरणाची डाळ निथळली की तिच्या कटाची आमटी होते. ज्वारीच्या कण्यांत तर निथळायला काही उरतच नाही, जेवढे पाणी तेवढे अन्न. बारशाला वाटल्या जाणाऱ्या घुगऱ्याही अशाच आटत्या पाण्यात शिजतात, आणि वडीलकीचा हक्क गाजविताना त्याच घुगऱ्यांची साक्ष काढली जाते.

या विद्येची परमावधी पाहावयाची असेल तर मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या येळवशीला, लातूर-धाराशिवला लागून असलेल्या अंबाजोगाई-केजकडच्या शिवारांत जावे. शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते आणि नैवेद्याला भज्जी, आंबील आणि उंडे असतात. भज्जी या नावावरून तळलेल्या भज्यांची अपेक्षा धरणाऱ्या पाहुण्याची येथे हटकून फसगत होते. तुरीचे कोवळे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणे, शेंगदाणे आणि त्या ऋतूत शिवारात जो जो पाला हाती लागेल तो, असे सारे प्रथम पाण्यात शिजवून घेतात, आणि मगच आंबट ताकात कालवलेले बेसन त्यात ओततात. हा क्रम केवळ परंपरेचा हट्ट नव्हे. आम्लात पेक्टिन विरघळत नाही, त्यामुळे ताक आधी पडले तर दाणे तासन्‌तास टणक राहतील. वरणात चिंच डाळ शिजल्यानंतर पडते तीही याच कारणाने. शिवाय नुसते ताक उकळले असता फाटते, बेसनातील पिष्ट त्यातील प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि भज्जी अखेरपर्यंत एकजीव राहते.

येथवर आपण पाण्याला निर्गुण मानले. वस्तुतः ते तसे नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरींचे आणि विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम डाळीच्या पेक्टिनला घट्ट बांधून टाकते, आणि गृहिणी दुकानदाराला दोष देत बसते की डाळच जुनाट दिली. काही अंशी ती बरोबरही असते, कारण जुने कडधान्य खरोखरच उशिरा शिजते. चिमूटभर सोड्याने डाळ चटकन मऊ पडते, पण त्याबरोबर थायमिन या जीवनसत्त्वाचा नाश होतो, तेव्हा हा उपाय नित्याचा करू नये. रात्रभर भिजविणे हा त्याहून सज्जन मार्ग.

उकळीची सीमा हलविता येते, हेही येथे नमूद केले पाहिजे. १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने झाकणबंद भांड्यात वाफ कोंडून ती सीमा वर ढकलली. त्याच तत्त्वावर चालणाऱ्या आजच्या कुकरात दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होऊन पाणी १२० अंशांपर्यंत तापते, आणि डाळीचे काम एक-चतुर्थांश वेळात आटोपते. साखर कारखान्यात नेमके उलट करतात: एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड याने १८१३ मध्ये योजलेल्या निर्वात पात्रात दाब उतरवून रस कमी उष्णतेवर उकळतात, म्हणजे साखर करपत नाही. गुऱ्हाळाच्या उघड्या काहिलीत तिसरा प्रकार दिसतो. पाणी उडून रस दाट होतो तसतसे त्याचे उष्णतामान चढत ११८ अंशांच्या आसपास जाते, आणि गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी वळते की नाही यावरून ते ओळखतो. दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन बीडमधून बाहेर पडणारी लाखो माणसे हा ऊस तोडतात. त्यांच्या स्वतःच्या तळावर मात्र तीन दगडांची चूल असते आणि तिच्यावर पहाटेच्या अंधारात डाळीचे आधण.

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातही १९७१ पासून पाणीच उकळले जाते, आणि २०१५ च्या टंचाईत तेथील संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. सरकारी बाष्पकालाही जिल्ह्याच्या पाण्याचा हिशेब चुकत नाही.

शेवटी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पाणी उकळले की रोगजंतू मरतात, आणि जडपणाही काही अंशी हंड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते, आणि तेच पाणी डाळीत, कण्यांत, आंबिलीत मुरते. ज्यांच्या घरी विंधनविहिरीचे पाणी स्वयंपाकाला वापरतात त्यांनी ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे.