जुन्या यूएसबी प्रिंटरची वाय-फाय जोडणी

केवळ यूएसबी तारेने संगणकाला जोडता येणारा प्रिंटर घरातील बिनतारी नेटवर्कवरील सर्व संगणकांना व मोबाईल फोनना वापरता यावा, यासाठी केलेल्या व्यवस्थेला यूएसबी प्रिंटरची वाय-फाय जोडणी म्हणतात. अशा प्रिंटरला स्वतःचे वाय-फाय नसते. त्यामुळे नेटवर्कवरून आलेले छपाईचे काम स्वीकारून ते यूएसबी तारेतून प्रिंटरकडे पोहोचवणारा एक मध्यस्थ लागतो. त्याला प्रिंट सर्व्हर असे नाव आहे. घरातील नेहमीचा संगणक, यूएसबी पोर्ट असलेला राउटर किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक ही भूमिका बजावू शकतो.

पार्श्वभूमी

यूएसबीचे पहिले मानक इ.स. १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. या मानकात एक यजमान आणि त्याच्या अधीन असलेली उपकरणे अशी रचना आहे. प्रिंटर स्वतःहून संवाद सुरू करू शकत नाही आणि एका वेळी त्याला एकच यजमान असतो. नेटवर्कवर मात्र अनेक उपकरणे एकाच वेळी काम पाठवू शकतात. त्यांना रांगेत उभे करणे हे प्रिंट सर्व्हरचे पहिले काम होय. दुसरे आणि अधिक अवघड काम पान प्रिंटरच्या भाषेत आणण्याचे आहे. ही जोडणी फसते ती बहुधा येथेच.

पानाचे रूपांतर

पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या भाषा जाणणारा प्रिंटर आलेल्या वर्णनावरून पानाची प्रतिमा स्वतः तयार करतो. अशा प्रिंटरला कोणताही मध्यस्थ चालतो. स्वस्त प्रिंटरमधून मात्र ही क्षमता काढून टाकण्यात आली. त्यांच्यासाठी संगणकावरील ड्रायव्हर पानाची ठिपक्यांची प्रतिमा बनवतो आणि उत्पादकाच्या खासगी स्वरूपात पाठवतो. भारतातील घरांत व छोट्या कार्यालयांत मोठ्या प्रमाणावर वापरले गेलेले एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन्ही प्रिंटर याच प्रकारचे आहेत.

लेझरजेट १०२० मध्ये तर त्याची अंतर्गत आज्ञावलीही कायमची साठवलेली नसते. प्रत्येक वेळी प्रिंटर सुरू केल्यावर संगणक ती पाठवतो. केवळ माहिती पुढे ढकलणाऱ्या राउटरला हा प्रिंटर जोडला, तर वीज जाऊन परत आल्यावर छपाई बंद पडते आणि दोष वाय-फायचा समजला जातो. एलबीपी २९०० ची अडचण निराळी आहे. तो कॅप्ट ही कॅननची पद्धत वापरतो आणि तीत संगणक व प्रिंटर यांच्यात दुतर्फा संवाद चालू असावा लागतो. कॅननने लिनक्ससाठी दिलेला त्याचा ड्रायव्हर इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकांसाठी आहे. रास्पबेरी पायचा प्रक्रियक एआरएम जातीचा असल्याने तेथे तो चालत नाही. स्वयंसेवकांनी तयार केलेल्या मुक्त स्रोत पर्यायाचा आधार घ्यावा लागतो.

मध्यस्थाचे प्रकार

प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला आहे, त्यावरूनच तो इतरांना उपलब्ध करून देणे ही सर्वांत सोपी व बिनखर्चाची पद्धत आहे. तो संगणक सतत चालू ठेवावा लागतो, ही तिची उघड मर्यादा. इ.स. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत प्रिंटनाइटमेअर नावाने ओळखली गेलेली गंभीर त्रुटी आढळली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या सुरक्षा सुधारणेनंतर अनेक ठिकाणी सामायिक प्रिंटर जोडले जाईनासे झाले.

यूएसबी पोर्ट असलेले राउटर दोन भिन्न रीतींनी काम करतात. काही राउटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर आलेली माहिती जशीच्या तशी प्रिंटरला देतात. यात रूपांतर पाठवणाऱ्या संगणकालाच करावे लागते. काही राउटर यूएसबी तारेचीच नेटवर्कवर नक्कल करतात. त्यासाठी संगणकावर उत्पादकाची वेगळी आज्ञावली लागते, एका वेळी एकाच संगणकाला प्रिंटर मिळतो आणि मोबाईलला बहुधा काहीच उपयोग होत नाही. ॲपलच्या इ.स. २००४ मधील एअरपोर्ट एक्सप्रेसमध्येही प्रिंटरसाठी यूएसबी पोर्ट होता.

तिसऱ्या पद्धतीत छोट्या संगणकावर लिनक्स आणि कप्स ही मुक्त स्रोत छपाई प्रणाली बसवतात. मायकेल स्वीट यांनी इ.स. १९९७ मध्ये कप्सचे काम सुरू केले आणि इ.स. २००२ मध्ये ॲपलने ती आपल्या मॅक प्रणालीत स्वीकारली. येथे ड्रायव्हर सर्व्हरवर असतो. मोबाईल आयपीपी या प्रमाणित पद्धतीने पान पाठवतो आणि रूपांतर सर्व्हर करतो. इ.स. २०१० पासून आयफोनमध्ये असलेली एअरप्रिंट सुविधा याच पायावर उभी आहे. अँड्रॉइडच्या ८ व्या आवृत्तीपासून अंगभूत छपाई सेवाही असते. त्यामुळे ज्या प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या संगणकासाठी उत्पादकाने काढलाच नाही, असा प्रिंटरही पुन्हा वापरात येऊ शकतो. कागद ओढणारे आणि शाई उमटवणारे यंत्र धडधाकट असताना केवळ ड्रायव्हरअभावी प्रिंटर भंगारात जाणे यामुळे टळते.

गूगल क्लाउड प्रिंट ही सेवा जुने प्रिंटर आंतरजालामार्फत जोडून देत असे. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्यांना स्थानिक सर्व्हरकडे वळावे लागले.

देवनागरी मजकूर

पान प्रतिमेच्या रूपात पाठवले जात असेल, तर जोडाक्षरे व मात्रा पाठवणाऱ्या उपकरणावर किंवा सर्व्हरवर आधीच जुळवलेल्या असतात आणि मराठी मजकूर बिनचूक छापला जातो. साध्या मजकुराचा सर्वसामान्य ड्रायव्हर निवडल्यास प्रिंटर स्वतःजवळचे टंक वापरतो. त्यांत देवनागरी नसल्यास निरर्थक चिन्हे उमटतात.

नेटवर्कवरील अडचणी

राउटर सर्व्हरला दर वेळी वेगळा आयपी पत्ता देऊ शकतो. पत्ता बदलला की संगणकाला प्रिंटर सापडत नाही. राउटरच्या मांडणीत तो पत्ता राखून ठेवल्यास ही तक्रार मिटते. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर जोडलेली उपकरणे सहसा परस्परांपासून अलग ठेवलेली असतात, त्यामुळे तेथून प्रिंटर दिसत नाही. घराबाहेरून छपाई करता यावी म्हणून ९१०० किंवा ६३१ हे पोर्ट आंतरजालासाठी खुले करणे धोक्याचे आहे. कप्सच्या एका जोड-आज्ञावलीत सप्टेंबर २०२४ मध्ये उघड झालेल्या त्रुटीत बाहेरच्या व्यक्तीला ६३१ पोर्टवरूनच सर्व्हरवर खोटा प्रिंटर नोंदवता येत होता.