शेअर बाजाराचा डेटा तपासायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? पैसे भरण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, मार्केटचा डेटा ॲनालाइज करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" एक दादा तर दुकानाच्या डिपॉझिटसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घालायला निघाले होते. मी म्हटलं, दादा, दोन आठवडे थांबा. का थांबायचं, ते आज बघू.

आधी गणित, मग सॉफ्टवेअर

समजा, शेअर १०० रुपयांना आहे. आज १० टक्के वाढला, ११० झाला. उद्या १० टक्के पडला, ९९ झाला. टक्क्यांची सरासरी काढली तर शून्य. पण खिशातून १ रुपया गेलाच ना? ही गोष्ट ज्याला कळत नाही, त्याला कितीही महागडं सॉफ्टवेअर दिलं तरी ते "सरासरी शून्य" असंच सुंदर ग्राफ काढून दाखवणार.

डेटा किती आहे, ते मोजा

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तुम्ही एका शेअरचा रोजचा बंद भाव बघत असाल, तर वर्षाला साधारण २५० ओळी होतात. एक्सेल भरपूर झालं!

पण दर मिनिटाचा डेटा हवा असेल तर? बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० म्हणजे ३७५ मिनिटं. ३७५ गुणिले २५० दिवस, म्हणजे एका शेअरच्या वर्षाला ९३,७५० ओळी. ५० शेअर घेतले तर ४६,८७,५०० ओळी. इथे एक्सेलची शीट संपली. तेव्हा पुढचं साधन शोधा, त्याआधी नाही.

पर्याय काय आहेत?

१. एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क: सुरुवातीला हेच. लिबरऑफिस तर फुकट आहे. आकडे डोळ्यासमोर दिसतात, त्यामुळे शिकायला सोपं.

२. पायथन: फुकट. यातली पांडाज ही लायब्ररी २००८ मध्ये वेस मॅकिनी यांनी एका गुंतवणूक कंपनीत काम करताना बनवायला घेतली, म्हणजे ती बाजाराच्या डेटासाठीच जन्मली म्हणा ना. तेच काम रोज करायचं असेल तर एकदा प्रोग्राम लिहा, रोज चालवा.

३. आर: हेही फुकट, आणि संख्याशास्त्रासाठीच बनलेलं. स्टॅटिस्टिक्स शिकलेल्यांना हे जवळचं वाटेल.

४. मॅटलॅब: दमदार, पण पैसे मोजून. फायनान्सचे टूलबॉक्स वेगळे घ्यावे लागतात. आणि हे नीट लक्षात ठेवा: त्याचं स्वस्त होम लायसन्स धंद्यासाठी वापरता येत नाही. मॅटलॅबसारखीच भाषा फुकटात हवी असेल तर ऑक्टेव्ह बघा.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात अशा फुकट सॉफ्टवेअरचे धडे मिळतात, काही मराठीतही आहेत.

चूक महागात पडते

२०१२ मध्ये जेपी मॉर्गन बँकेला लंडनमधल्या सौद्यांत ६ अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालात आलं की जोखीम मोजायचं मॉडेल एक्सेल शीटवर, हाताने कॉपी-पेस्ट करून चालत होतं. त्यात एका ठिकाणी दोन आकड्यांच्या सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं होतं. बेरीज सरासरीच्या दुप्पट, म्हणजे उत्तर निम्मं. जोखीम होती त्यापेक्षा कमी दिसली. तोट्याची इतरही कारणं होती, पण धोक्याची घंटा वाजायला हवी तेव्हा ती हळू वाजली. एवढ्या मोठ्या बँकेचं असं होतं, तर आपण किती जपायला हवं!

दोन आठवड्यांची परीक्षा

एकाच शेअरचा एका वर्षाचा रोजचा डेटा घ्या. रोजचा परतावा, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि २० दिवसांची चलत सरासरी काढा. आधी एक्सेलमध्ये, मग पायथन किंवा आरमध्ये. उत्तरं जुळतात का?

जुळली नाहीत तर घाबरू नका, खरं शिक्षण तिथेच आहे. पायथनमध्येच पांडाज स्टँडर्ड डेव्हिएशन काढताना एकूण संख्येतून १ वजा करून भागतं, तर नमपाय पूर्ण संख्येने भागतं. म्हणून उत्तर थोडं वेगळं येतं.

दुसरं म्हणजे बोनस आणि स्प्लिट तपासा. कंपनीने एकास एक बोनस दिला की भाव साधारण निम्मा होतो. डेटा ॲडजस्ट केलेला नसेल तर सॉफ्टवेअरला वाटतं, शेअर एका दिवसात ५० टक्के कोसळला!

तिसरं, ब्रोकरेज, एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी वजा केल्याशिवाय कागदावरच्या नफ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एक स्पष्ट गोष्ट

सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. सॉफ्टवेअर घेतलं म्हणून आपण उरलेल्या ७ टक्क्यांत जात नाही. आणि तुमच्या ॲनालिसिसवरून लोकांना पैसे घेऊन शेअर सुचवायचा धंदा करायचा असेल, तर आधी सेबीची नोंदणी लागते.

त्या दादांनी परीक्षा एक्सेलवर सुरू केली. त्यांना रोजच्या २५० ओळीच पुरतात, हे त्यांचं त्यांनाच कळलं. डिपॉझिटचे पैसे जागेवर आहेत, दुकानाची बोलणी सुरू आहेत.

तुम्हीही आज एक शेअर निवडा आणि पहिली शीट बनवा. पाकीट नंतर उघडा. भेटू पुढच्या व्हिडिओत!