रोजकीर्द वाचायची कधी?

स्वीडनमधल्या लोजिका या कंपनीच्या मेनफ्रेम संगणकात २०१२ मध्ये परके लोक शिरले आणि रॅकएफचा डेटाबेसच उतरवून घेऊन गेले. कोणी काय उघडावं, काय बदलावं याची मुभा त्या यंत्रावर रॅकएफ ठरवतं. त्याच वर्षी शेजारच्या डेन्मार्कमध्ये सीएससी कंपनीच्या मेनफ्रेमवरही कित्येक महिने घुसखोरी चालू होती, आणि तिथे पोलिसांकडची वाहनचालक परवान्यांची माहिती होती. डॅनिश पोलिसांना सुगावा लागला तो स्वीडनमधल्या तपासातून. लोकांना हे कळायला जून २०१३ उजाडला. या घुसखोरींबद्दल गोटफ्रिड स्वार्टहोल्म वार्ग याला दोन्ही देशांत शिक्षा झाली.

या दोन्ही ठिकाणी आयबीएमची झेड/ओएस ही प्रणाली चालत होती. स्वतःच्या हालचालींची नोंद ठेवण्यात तिचा हात धरणारी प्रणाली क्वचितच सापडेल. मग घुसखोरी कळायला इतका उशीर कसा होतो? याचं उत्तर शोधायचं तर नोंदी कोण लिहितं यापेक्षा त्या कोण आणि कधी वाचतं, हे पाहावं लागतं.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० हे यंत्र जाहीर केलं. त्याच्या ओएस/३६० प्रणालीत, म्हणजे झेड/ओएसच्या पूर्वजात, त्या दशकाच्या अखेरीस सिस्टिम मॅनेजमेंट फॅसिलिटीज, म्हणजे एसएमएफ, आलं. यंत्राचा वेळ तेव्हा अतिशय महाग होता आणि कोणत्या खात्याने किती वापरला याचा हिशेब लागत होता. एसएमएफ ही त्या यंत्राची रोजकीर्दच: व्यवहार झाला की नोंद पडते, खतावणी मात्र सवडीने. प्रत्येक नोंदीला प्रकाराचा क्रमांक असतो. टाइप ३० मध्ये एखाद्या जॉबने किती सीपीयू खाल्ला ते मिळतं, १४ आणि १५ मध्ये कोणता डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल, वाचला वा लिहिला ते. ७० ते ७९ यंत्राच्या कामगिरीचे, ८० रॅकएफचा, ११९ नेटवर्कचा. एफटीपीने फाइल बाहेर गेली तर ती या शेवटच्यात दिसते. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेली असते.

मला सगळ्यांत भावतो तो टाइप ७. नोंदींना जागा उरली नाही आणि काही हरवल्या, तर किती हरवल्या आणि केव्हापासून केव्हापर्यंत, याचीच ही नोंद. त्याहून कडक पर्यायही आहे: नोंद करता येत नसेल तर अख्खी प्रणाली थांबवायची, असं प्रशासक सांगून ठेवू शकतो. हिशेब ठेवता येत नसेल तर कामच नको, इतका करारीपणा मी दुसऱ्या कुठल्या संगणकप्रणालीत पाहिलेला नाही.

पण वाचनाची रीत जुनीच राहिली. नोंदी सिस१.मॅन१, सिस१.मॅन२ अशा नावांच्या डेटासेटमध्ये साठत. एक भरला की दुसरा सुरू, आणि भरलेला डम्प करून रात्रीच्या बॅचमध्ये अहवाल निघत. २००७ च्या सुमारास या डेटासेटऐवजी सलग प्रवाहात नोंदी लिहिणाऱ्या लॉग स्ट्रीमची सोय आली. लिहिण्याचा वेग वाढला, वेगवेगळे टाइप वेगळे ठेवता येऊ लागले. तरी वाचायचं ते मागाहूनच. ज्यांना घाई होती ते नोंद लिहिली जाण्याच्या वाटेवरच आपला कोड बसवत. त्याला एक्झिट म्हणतात. तो कोड प्रणालीच्या विशेष अधिकारात चालतो, म्हणून त्यातली चूक सगळ्यांना भोवते.

गेल्या दशकात आयबीएमने यावर सरळ मार्ग काढला. लॉग स्ट्रीमकडे जाणाऱ्या नोंदींची एक प्रत मेमरीतल्या बफरमध्येही ठेवायची. परवानगी असलेला प्रोग्राम त्या बफरला जोडून घेतो आणि नोंदी पडतील तशा उचलतो. पुढे त्या स्प्लंकसारख्या, नोंदी तपासणाऱ्या साधनांकडे पाठवता येतात. पुण्या-मुंबईत बसून परदेशी बँकांची मेनफ्रेम सांभाळणाऱ्या मराठी तंत्रज्ञांसाठी हा फरक मोठा आहे: कालचा अहवाल चाळायचा की आत्ता चाललेली चोरी अडवायची, एवढा.

मात्र हा बफर गोल फिरतो. वाचणारा मागे पडला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. म्हणून पुरावा म्हणून धरायची ती लॉग स्ट्रीममधलीच प्रत. तिच्यावर डिजिटल स्वाक्षरीही करून घेता येते. मेमरीतली प्रत सावध होण्यासाठी. ताज्या नोंदी मिळतात म्हणून जुनं दप्तर आवरतं घ्यायचं, हा विचार मला धोक्याचा वाटतो.

आणखी एक गोष्ट मला याहून गंभीर वाटते. रॅकएफमध्ये एखाद्या डेटासेटला संरक्षण देताना वेगळं काही सांगितलं नाही, तर नोंद होते ती फसलेल्या प्रयत्नांची. चोरलेल्या पासवर्डने आत आलेला माणूस यंत्राच्या लेखी यशस्वी वापरकर्ता असतो; त्याने डेटासेट उघडला तरी टाइप ८० मध्ये ओळ उमटेलच असं नाही. जी नोंद झालीच नाही ती कितीही तातडीने वाचता येत नाही. म्हणून तत्काळ वाचनाची साधनं विकत घेण्याआधी प्रत्येक बँकेने आपल्या संवेदनशील डेटासेटची यादी काढावी, आणि रॅकएफचा स्वतःचा डेटाबेस त्या यादीत पहिला लिहावा. या डेटासेटचं यशस्वी वाचनही नोंदवायला रॅकएफला सांगावं. ही आज्ञा एका ओळीची आहे आणि तिला नवी खरेदी लागत नाही.