‘समग्र शेक्सपिअर’चे ऋण

महाविद्यालयीन ग्रंथालयात इंग्रजीच्या कपाटापुढे उभे राहिले की एक जाडजूड ग्रंथ हमखास नजरेत भरतो. पातळ कागद, बारीक टाइप, दोन स्तंभांत दाटीने बसवलेला मजकूर आणि पाठीवर शेक्सपिअरच्या समग्र नाट्यकृती असल्याची ग्वाही. परीक्षेपुरते एखादे नाटक वाचणारा विद्यार्थी असो की तेच नाटक वर्षानुवर्षे शिकवणारा अध्यापक असो, या ग्रंथाविषयी दोघांच्याही मनात एक समजूत नकळत घर करून असते. एका थोर लेखकाने ही सर्व नाटके लिहिली, नीट लावून ठेवली आणि पुढील पिढ्यांच्या हाती सोपवून तो निश्चिंत मनाने निघून गेला, अशी ती समजूत. ‘समग्र’ या शब्दाचा ध्वनीच तसा आहे.

वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. २३ एप्रिल १६१६ रोजी शेक्सपिअर वारला, तेव्हा आज त्याच्या नावावर असलेल्या नाटकांपैकी जवळजवळ निम्मी छापलीच गेली नव्हती. त्याच्या मृत्युपत्रात घरादाराचा, चांदीच्या भांड्याचा, इतकेच काय, पलंगाचाही उल्लेख आहे. नाटकांविषयी मात्र एक अक्षर नाही. जगातील सर्वाधिक चर्चिलेल्या ग्रंथसंपदेचा धनी तिची कसलीही तजवीज न करता गेला. मग ती आपल्यापर्यंत आली कशी? या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या प्रतिभेत नाही. ते त्याच्या सोबत्यांच्या कर्तव्यबुद्धीत आहे.

या निष्काळजीपणाबद्दल शेक्सपिअरला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी नाटक हे साहित्य मानलेच जात नव्हते. ऑक्सफर्डच्या विख्यात ग्रंथालयाला ज्याचे नाव मिळाले त्या सर टॉमस बॉडलीने १६१० साली लंडनच्या मुद्रक-संघाशी करार करून नव्या पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयाला मिळतील अशी व्यवस्था केली. परंतु पंचांगे आणि नाटके यांसारखा फुटकळ माल आत येऊ देऊ नये, अशी ताकीदही त्यानेच आपल्या ग्रंथपालाला दिली होती. १६१६ साली बेन जॉन्सनने आपली नाटके मोठ्या आकाराच्या भारदस्त ग्रंथात छापून त्यांना ‘कृती’ हे नाव दिले, तेव्हा लोकांनी त्याची थट्टा केली. नाटक हा खेळ; त्याला कृती म्हणायचे ते कशाला, असा त्या थट्टेचा सूर होता.

शिवाय नाटक लेखकाच्या मालकीचे राहतही नसे. लेखक ते नाटकमंडळीला देई आणि त्याची वही मंडळीच्या पेटीत जाई. नटांना संपूर्ण नाटक न देता प्रत्येकाला केवळ आपली नक्कल आणि आधीच्या भाषणाचे शेवटचे दोनचार शब्द तेवढे उतरवून मिळत. पुरी वही एखाददुसरीच असे. अशा वहीचे आयुष्य किती? २९ जून १६१३ रोजी ‘आठवा हेन्री’ या नाटकाचा प्रयोग चालू असता तोफेची ठिणगी छपरावर पडून ग्लोब नाट्यगृह जळाले. १६२१च्या डिसेंबरात प्रतिस्पर्धी मंडळीचे फॉर्च्युन नाट्यगृह दोन तासांत भस्मसात झाले आणि त्याबरोबर त्यांचे पोशाख व नाटकांच्या वह्याही गेल्या. १६४२ साली पार्लमेंटने नाट्यगृहेच बंद केली. ती अठरा वर्षे उघडली नाहीत, आणि मंडळ्यांच्या पेट्या कोठल्या कोठे विखुरल्या. टॉमस हेवूड हा त्याच काळातला नाटककार. आपला हात लागलेली नाटके दोनशे वीस आहेत असे त्याने लिहून ठेवले आहे; त्यांपैकी आज उरली आहेत ती मोजकीच. अठराव्या शतकातील जॉन वॉरबर्टन या संग्राहकाने तर पन्नासएक जुन्या नाटकांची हस्तलिखिते आपल्या स्वयंपाकिणीने चुलीत घातल्याची नि भाजण्याच्या पदार्थांखाली अंथरल्याची नोंद केली आहे. त्या हस्तलिखितांची संख्या फुगवलेली असावी असे अभ्यासक म्हणतात. परंतु त्या काळच्या नाटकांपैकी बहुसंख्य नाटके कायमची नाहीशी झाली, याविषयी दुमत नाही.

या पार्श्वभूमीवर जॉन हेमिंजिस आणि हेन्री काँडेल या दोन नटांची कामगिरी पाहिली पाहिजे. दोघेही शेक्सपिअरच्याच मंडळीतले, तिच्या नफ्यातोट्यातले भागीदार. मृत्युपत्रात शेक्सपिअरने या दोघांना आणि प्रमुख नट रिचर्ड बर्बेज याला स्मरणाची अंगठी घेण्यासाठी प्रत्येकी सव्वीस शिलिंग आठ पेन्स ठेवले होते. १६१९ साली बर्बेजही वारला. उरलेले दोघे ना विद्वान होते ना लेखक. परंतु कोणती वही कोठे आहे, कोणते नाटक कोणाचे आहे आणि रंगमंचावर ते कसे बोलले जात असे, हे जाणणारी तीच माणसे होती. मित्राची स्मृती जिवंत राहावी एवढाच आपला हेतू असल्याचे त्यांनी ग्रंथारंभी नमूद केले. मुद्रक विल्यम जॅगर्ड आणि त्याचा पुत्र आयझॅक, व प्रकाशक एडवर्ड ब्लाउंट प्रभृतींच्या भागीदारीत १६२३ सालच्या अखेरीस तो ग्रंथ निघाला. ‘पहिला फोलिओ’ म्हणून जग ओळखते तो हाच. त्यात छत्तीस नाटके होती.

त्यांपैकी अठरा नाटके त्यापूर्वी कधीच छापलेली नव्हती, हा या कथेचा गाभा होय. ‘मॅक्बेथ’, ‘ज्यूलियस सीझर’, ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’, ‘द टेंपेस्ट’, ‘ट्वेल्फ्थ नाइट’, ‘अ‍ॅज यू लाइक इट’, ‘द विंटर्स टेल’ ही नावे नुसती वाचावीत आणि ती वगळून उरणारा शेक्सपिअर डोळ्यांपुढे आणावा. ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ उरली असती, हे खरे. पण आपण आज ज्याला शेक्सपिअर म्हणतो तो उरला नसता.

अर्थात या दोघांना देवत्व देण्याचेही कारण नाही. पूर्वी निघालेल्या सुट्या प्रती विद्रूप होत्या आणि आपल्या ग्रंथात सर्व काही निर्दोष आहे, असा दावा त्यांनी केला. तो पुष्कळसा पुस्तक खपावे म्हणून केलेला होता. कारण त्या सुट्या प्रतींपैकी काही चांगल्या होत्या, आणि काही ठिकाणी ग्रंथाचा पाठ त्यांच्यावरूनच छापला गेला. छपाई तर दोषांनी भरलेली आहे. पाच-सहा हातांनी खिळे जुळवले गेले. त्यांतला एक नवशिका उमेदवार इतक्या चुका करी, की संशोधकांनी चुकांवरूनच त्याच्या वाट्याची पाने ओळखून काढली. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत आणि आधी छापलेले कागदही वाया न घालवता बांधणीत जात. त्यामुळे एक प्रत दुसरीसारखी तंतोतंत नाही. चार्ल्टन हिन्मन या अमेरिकन अभ्यासकाने वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातील अनेक प्रती एका खास यंत्राखाली पानोपान ताडून पाहिल्या आणि १९६३ साली या छपाईचा सारा इतिहास उलगडून दाखवला. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ या नाटकाच्या छपाईचे हक्क इतक्या उशिरा मिळाले, की ग्रंथात ते नाटक आहे पण अनुक्रमणिकेत त्याचे नाव नाही!

तेव्हा ‘समग्र’ हा ग्रंथ प्रथमपासूनच असमग्र होता. ‘पेरिक्लिस’ त्यात नव्हते. १६६४ साली तिसऱ्या फोलिओत सात नाटकांची भर पडली. त्यांतले हे एकच पुढे मान्य झाले, बाकीची सहा परक्याची ठरली. जॉन फ्लेचरच्या जोडीने लिहिलेले ‘द टू नोबल किन्समेन’ १६३४ साली स्वतंत्रपणे छापले गेले. १६१३ साली राजदरबारी ज्याचा प्रयोग झाला ते ‘कार्डेनिओ’ आजतागायत सापडलेले नाही. ‘किंग लिअर’ची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १६०८ च्या सुट्या प्रतीतील सुमारे तीनशे ओळी फोलिओत नाहीत, आणि फोलिओतील शंभराच्या आसपास ओळी सुट्या प्रतीत नाहीत. नाटकाचे अखेरचे भाषण एका पाठात ऑल्बनी करतो, दुसऱ्यात एडगर. संपादकांनी दोन्ही पाठ एकत्र शिवून दीर्घकाळ तिसराच ‘लिअर’ शिकवला. शेवटी १९८६ साली ऑक्सफर्डच्या संपादकांनी दोन ‘लिअर’ वेगवेगळे छापले. त्याच विद्यापीठाच्या २०१६ च्या नव्या आवृत्तीने ‘सहावा हेन्री’ या नाट्यत्रयीवर क्रिस्टोफर मार्लोचे नाव सहलेखक म्हणून घातले. ते सर्वांना पटलेले नाही. तात्पर्य, समग्रता ही एकदा मिळून कायमची राहणारी वस्तू नव्हे. ती प्रत्येक पिढीने पुन्हा तपासायची, पुन्हा मांडायची जबाबदारी आहे.

या जबाबदारीचा विसर विद्वानांनाही पडतो. बॉडलीच्या ग्रंथालयात त्याच्या निधनानंतर १६२३ चा ग्रंथ आला होता आणि बांधून ठेवलाही गेला होता. पुढे १६६४ ची भरीव आवृत्ती हाती येताच, नवे आले तर जुने कशाला या व्यवहारी न्यायाने, पहिली प्रत निकालात निघाली. १९०५ साली एक तरुण विद्यार्थी आपल्या घरातील जुन्या पुस्तकाच्या बांधणीविषयी सल्ला विचारण्यास त्याच ग्रंथालयात आला, आणि बांधणीवरून ती हरवलेली प्रत ओळखली गेली. अमेरिकेतील धनाढ्य संग्राहक हेन्री फोल्जर तीन हजार पौंड देण्यास तयार होता. तेवढीच रक्कम लोकवर्गणीने उभी करून १९०६ साली ग्रंथालयाने आपलेच पुस्तक परत विकत घेतले. सुमारे साडेसातशे प्रती छापल्या गेल्या असाव्यात असा अंदाज आहे. आज सव्वादोनशेहून थोड्या अधिक ज्ञात आहेत. २०२० साली त्यांतील एक जवळजवळ एक कोटी डॉलरना विकली गेली. नवी असताना, बांधणीसह, ती एका पौंडाला मिळत होती.

मराठी वाचकाला हा दूरचा इतिहास वाटण्याचे कारण नाही. शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ ही दोन्ही ‘मॅक्बेथ’वरून उभी राहिली, आणि ‘मॅक्बेथ’ केवळ फोलिओमुळे वाचले आहे. पाडगावकरांच्या ‘वादळ’चे मूळ असलेले ‘द टेंपेस्ट’ही तसेच. म्हणजे लंडनच्या दोन नटांनी वह्या शोधल्या नसत्या, तर मराठी रंगभूमीची ही दालनेही उघडली नसती. याच्या जोडीला आपल्या घरचे उदाहरण ठेवून पाहावे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यांच्या आख्यानांतील पदे त्यांनीच १८८५ साली ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून प्रसिद्ध केली, म्हणून ती आज उपलब्ध आहेत. पात्रे मात्र आपली भाषणे प्रसंगानुसार आयत्या वेळी करीत. ती हवेत विरून गेली.

नाटक हे प्रयोगातच जगते, त्याची संहिता म्हणजे नुसता सांगाडा, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. परंतु प्रयोग संपतो, नट थकतात, मंडळी मोडते. पुढील पिढीतल्या नटाने उभे राहायचे ते त्या सांगाड्याच्याच आधाराने. फोलिओ सिद्ध करणारे दोघेही नटच होते, यातच त्या आक्षेपाचे उत्तर आहे. प्रयोगाचे मोल ज्यांना सर्वाधिक ठाऊक होते, त्यांनाच छापील अक्षराची निकड कळली. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे नवी नाटके होतात, शाळा-महाविद्यालयांतून एकांकिका गाजतात. त्यांतील किती संहिता दहा वर्षांनी हाती लागतात? त्यांत कोणी शेक्सपिअर नसेलही. पण १६१६ साली शेक्सपिअरही शेक्सपिअर ठरलेला नव्हता. तो एका मंडळीचा दिवंगत भागीदार होता. कोण थोर हे काळ ठरवतो. काळापुढे निवाड्यासाठी काय ठेवायचे, हे मात्र सोबत्यांना आणि समकालीनांना ठरवावे लागते.

म्हणून तो जाड ग्रंथ पुन्हा हाती येईल तेव्हा मुखपृष्ठावरील एका नावाबरोबर मुखपृष्ठावर नसलेली ही दोन नावेही वाचकाने आठवावीत. नाटके लिहिली शेक्सपिअरने. ती ‘समग्र’ केली हेमिंजिस आणि काँडेल यांनी.