वॉल्टर कॉफमन : वाद्यवृंदाकडून रागांकडे

आकाशवाणीचे प्रक्षेपण सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या साथीने वाजणारी व्हायोलिनची संकेतधून मराठी घराघरांत पोचली. शिवरंजनीची आठवण करून देणाऱ्या या धुनेचे श्रेय सर्वसाधारणपणे ज्यांना दिले जाते, ते वॉल्टर कॉफमन भारतीय नव्हते. नाझी राजवटीमुळे देशांतर करावे लागलेले ते एक ज्यू संगीतकार होते.

कॉफमन यांचा जन्म १९०७ सालचा, बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात कार्लोवी व्हारी म्हणून ओळखले जाते. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे ते संगीतरचना शिकले, पुढे प्रागमध्ये संगीतशास्त्र. ऑपेरा आणि वाद्यवृंदाचे संचालन हीच त्यांची वाट ठरलेली होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतली रंगमंदिरे ज्यू कलावंतांना बंद झाली. १९३४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, कॉफमन मुंबईत उतरले.

काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल होई. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एदिजिओ वेर्गा. मे १९३७ पर्यंत अशा १३६ मैफली झाल्या. मेहलींचा मुलगा झुबिन पुढे जगभर संचालक म्हणून गाजला. मुंबईत पाश्चात्त्य संगीताची जी मशागत या मंडळींनी केली, त्याच वातावरणात तो वाढला.

१९३७ ते १९४६ या काळात कॉफमन मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होते. त्याच काळात मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केले.

हिंदुस्थानी संगीत त्यांना सुरुवातीला परके आणि अनाकलनीय वाटले. ते साहजिकच होते. वाद्यवृंदात कागदावर लिहिलेले स्वर पन्नास-साठ वादकांकडून एकदिलाने वाजवून घेणे हे संचालकाचे काम. रागसंगीतात गायक बसल्या जागी राग उलगडतो, तबलजी त्याला साथ देतो. तिथे संचालकाला जागाच नसते. पण ज्या संगीतावर इतक्या माणसांचे प्रेम आहे, त्यात नक्कीच काही असले पाहिजे, असे मानून ते ऐकत राहिले. गोंड आणि बैगा लोकांची गाणीही त्यांनी अभ्यासली. त्यावरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९४६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. इंग्लंडमध्ये काही काळ काढून ते कॅनडाला गेले. १९४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे ते पहिले संचालक झाले. युरोपने हिरावून घेतलेले काम त्यांना तिथे मिळाले आणि १९५७ पर्यंत त्यांनी तो वाद्यवृंद घडवला. मग मात्र वाद्यवृंद सोडून ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्र शिकवू लागले. उत्तर भारतीय रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आला, दक्षिणेकडच्या रागांवरचा १९७६ मध्ये. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

कॉफमन यांचे नाव आपण त्या एका धुनेपुरतेच घेतो. त्यांची खरी थोरवी या दोन ग्रंथांत आहे. आपल्याच कलेला जिथे जागा नव्हती, ते संगीत आयुष्यभर समजून घेत राहणे हे मोठ्या मनाचे काम आहे. मुंबईच्या संगीताच्या इतिहासात त्यासाठी कॉफमन यांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे.