कोरोना गेल्यानंतरचा ताप

एप्रिल २०२०मध्ये ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांकडे तीव्र ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ आणि पोटदुखी असलेली मुले येऊ लागली. काहींचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरलेला. पुढे या आजाराला एमआयएस-सी (मुलांमधील अनेक अवयवांचा दाह) हे नाव मिळाले.

महाराष्ट्रातही दुसऱ्या लाटेनंतर, २०२१मध्ये, असे रुग्ण आढळले. तेव्हा मुलाला पुन्हा कोरोना झाला, असा अनेक पालकांचा समज झाला. तो स्वाभाविकच होता. पण प्रत्यक्षात संसर्ग साधारण दोन ते सहा आठवड्यांपूर्वी, कित्येकदा कुणाच्या लक्षातही न येता, होऊन गेलेला असतो. बिघडते ती प्रतिकारशक्ती. चोर पळाल्यावरही राखणदाराने काठी फिरवत राहावे आणि घरच्यांनाच मार बसावा, तसे. हा मार बहुतेकदा हृदयालाही बसतो.

हा दाह ताज्या संसर्गाचा नसून बिघडलेल्या प्रतिकारशक्तीचा असतो, म्हणून एमआयएस-सी एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही.

उपचारही मुख्यतः दाह शमवण्याचे असतात: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे) आणि स्टिरॉइड. वेळेत दाखल झालेली बहुतेक मुले बरी होतात. हृदयाची इको तपासणी मात्र घरी परतल्यावरही काही काळ करत राहावी लागते.